झालेला संप आणि न झालेला संप : युरोपचा इतिहास मुलांना शिकविताना

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास मुलांना कसा शिकवावा’ असे आम्ही सांगितले. त्यांस थोडे नवल वाटले असावे. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे तो बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. शिवाय आमच्या नावापुढे कोणतीही पदवी नाही. नववीत शाळा सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळीहून आल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वाजवीच आहे. अधिकार एवढाच की, गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत कामगारांच्या मुलामुलींचा एक वर्ग आम्ही चालवितो. आठवीपासून बारावीपर्यंतची पंधरावीस मुले येतात. गणित व इंग्रजी शिकवावयास दोन तरुण मित्र आहेत. इतिहास आमच्याकडे आहे.

पहिली दोन वर्षे आम्ही तो फार वाईट शिकविला. आम्ही स्वतः ज्या क्रमाने वाचला त्याच क्रमाने सांगत गेलो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होस ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, मग दोस्तांचे गट, मग लढाया, मग व्हर्सायचा तह, मग हिटलर, मग पुन्हा लढाया. मुले वहीत उतरून घेत आणि विसरून जात. एके दिवशी दहावीतल्या एका मुलाने विचारले, “काका, ह्या सगळ्यात आमच्या बाबांसारखी माणसे काय करत होती?” त्याचे वडील एका कारखान्यात फिटर आहेत. आम्ही म्हणालो, “लढत होती, मरत होती.” मुलगा म्हणाला, “ते झालेच. पण त्यांना कुणी काही विचारले का? त्यांनी काही ठरविले का?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते, पण ते आम्ही वर्गात कधी आणलेच नव्हते. तेव्हापासून वर्गाचा सांगाडा आम्ही बदलला. सगळा युरोप एकदम घेण्याचे सोडून दिले. एक देश, एक वर्ग, पंधरा वर्षे एवढेच घ्यावयाचे असे ठरविले. देश जर्मनी, वर्ग तेथील संघटित कामगार, आणि काळ १९१८ ते १९३३.

पहिल्या तासाला फळ्यावर एक आकडा लिहावयास सांगतो. महायुद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला ४.२ जर्मन मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये किती पडत होते? ४.२ लाख कोटी. एका मुलीस खडू देऊन हा आकडा पूर्ण लिहावयास सांगावे. ४२,००,००,००,००,००० लिहिता लिहिता शून्ये दोनदा तरी चुकतात, आणि बाकीचे तिला दुरुस्त करतात. मग विचारावे, तुझ्या वडिलांचा पगार महिन्याच्या सात तारखेला होतो, तो सात तारखेपर्यंत थांबला तर काय होईल? हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. जर्मनीत त्या वेळी पगार रोजच्या रोज वाटीत, आणि तो हातात पडताच माणसे दुकानाकडे पळत, कारण संध्याकाळी भाव निराळा असे. हे का घडले, तर युद्धाचा खर्च सरकारने कर न बसविता कर्ज काढून केला होता, नुकसानभरपाईचे ओझे डोक्यावर होते, आणि जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन फौजा रूरच्या कोळसाक्षेत्रात शिरल्या तेव्हा तेथील लोकांनी जे असहकाराचे धोरण धरले, त्यांचे पगार सरकारने नोटा छापून दिले. ज्यांचे कर्ज होते त्यांचे कर्ज फिटले. कित्येक मोठे कारखानदार कर्जावर गिरण्या व खाणी विकत घेऊन मोकळे झाले. ज्यांची पुंजी होती त्यांची पुंजी गेली. आणि कामगार संघटनांचे जे संप-फंड वर्षानुवर्षे आठवड्याच्या वर्गणीतून साठले होते, तेही त्याच वणव्यात जळाले. ही शेवटची गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. पावती-पुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या माणसाला मात्र ती प्रथम दिसते.

एवढे झाल्यावर मुलांस मागे न्यावयाचे. नोव्हेंबर १९१८. कील बंदरातील खलाशांनी शेवटच्या निरर्थक लढाईस जाण्याचे नाकारले, बंड शहरोशहरी पसरले, ९ तारखेस कैसर गेला आणि बर्लिनमध्ये प्रजासत्ताक पुकारले गेले. त्याच आठवड्यात, १५ नोव्हेंबरला, मालकांचे प्रतिनिधी ह्यूगो स्टिन्नेस व संघटनांचे पुढारी कार्ल लेगिन ह्यांच्यात करार झाला. मालकांनी संघटनांस मान्यता दिली आणि आठ तासांचा दिवस कबूल केला. क्रांतीच्या भीतीने मालक आठवड्यात जे देतो ते तो भीती गेल्यावर परत मागतो, हे मुलांना पुढे १९२३ अखेरीस दिसते. तेव्हा आठ तासांच्या नियमाला इतक्या सवलती पाडल्या गेल्या की तो बराचसा कागदावरच उरला.

ह्याच प्रारंभकाळात कामगारांच्या चळवळीत जी फूट पडली तिचा उल्लेख टाळून चालत नाही. ४ ऑगस्ट १९१४ रोजी सोशल डेमोक्रॅट पक्षाने युद्धखर्चास मत दिले होते, तेथून तडा गेला. जानेवारी १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट सरकारने बर्लिनमधील उठाव मोडण्यासाठी निवृत्त सैनिकांची भाडोत्री पथके वापरली, आणि १५ जानेवारीस त्या पथकांनी रोझा लुक्झेंबुर्ग व कार्ल लीब्क्नेख्ट ह्यांस ठार केले. पुढची चौदा वर्षे कम्युनिस्ट हे विसरले नाहीत. विसरावे असे ते होतेही नाही.

आता मुख्य धडा. आम्ही फळ्याचे दोन भाग करतो. एका बाजूस लिहितो १३ मार्च १९२०, दुसऱ्या बाजूस २० जुलै १९३२. दोन्ही दिवशी जर्मन प्रजासत्ताकावर वरून घाला पडला. पहिल्या वेळी कामगारांनी तो परतविला, दुसऱ्या वेळी कोणी हात उचलला नाही. असे का झाले, हा प्रश्न मुलांनी सोडवावयाचा. प्रत्येक तारखेखाली तीन रकाने असतात : त्या दिवशी लोकांना काय ठाऊक होते, त्यांच्या हातात काय होते, आणि भीती कोणाची होती. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे, त्यांस नव्हते. रकाने भरताना हे विसरावयाचे नाही, हा एकच नियम.

पहिल्या तारखेचे रकाने लवकर भरतात. एअरहार्ट ब्रिगेड नावाचे पथक सरकारने बरखास्त करावयाचे ठरविले होते. ते पथक, शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवून, १३ मार्चच्या पहाटे बर्लिनमध्ये शिरले. वोल्फगांग काप नावाच्या अधिकाऱ्याने व जनरल ल्युटविट्झने सत्ता घेतल्याचे जाहीर केले. सैन्याने सरकारच्या बचावासाठी गोळी झाडण्याचे नाकारले. सरकार ड्रेस्डेनला आणि तेथून स्टुटगार्टला गेले. जाता जाता सार्वत्रिक संपाची हाक दिली गेली, आणि लेगिन ह्यांच्या संघटनांनी ती उचलली. सुमारे एक कोटी वीस लाख कामगार संपावर गेले. बर्लिनचे पाणी, वीज, गॅस, ट्राम सगळे बंद पडले. मुलांना सर्वांत आवडते ती गोष्ट पुढची. मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांनी कापला पैसे देण्याचे नाकारले, आणि खात्यांतील वरिष्ठ चिटणीस त्याचे हुकूम मानीनात. चार दिवस अंधाऱ्या राजवाड्यात बसून काप १७ मार्चला पळाला. मुले येथे टाळ्या वाजवितात. आम्ही त्यांना वाजवू देतो.

पण गोष्ट तेथे थांबवावयाची नसते. संप संपल्यावर लेगिन ह्यांनी सरकारपुढे मागण्या ठेविल्या : बंडखोरांना शिक्षा, सैन्य व नोकरशाहीची सफाई, खाणींचे सामाजिकीकरण. बहुतेक आश्वासने हवेत विरली. रूरमध्ये ज्या कामगारांनी बंडाविरुद्ध शस्त्रे उचलली होती, त्यांनी ती खाली ठेवली नाहीत, तेव्हा जे सैन्य मार्चमध्ये प्रजासत्ताकासाठी गोळी झाडीत नव्हते त्याने एप्रिलमध्ये त्या कामगारांवर ती झाडली. जूनच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांची मते जवळजवळ ३८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आली. संप जिंकला आणि संपानंतरचा महिना हरला, असे आपल्याकडेही किती वेळा घडते!

दुसऱ्या तारखेस यावयाचे तर मध्ये १९२९ ची मंदी घ्यावी लागते. १९२४ नंतर जर्मनी अमेरिकन कर्जावर सावरला होता. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यावर ते कर्ज मागे घेण्यात येऊ लागले. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. संघटनांच्या सभासदांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे पूर्ण बेकार होती. मार्च १९३० मध्ये सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान हेर्मान म्युलर ह्यांचे सरकार पडले ते बेकारी विम्याच्या वर्गणीच्या प्रश्नावर. त्यानंतर बहुमताचे सरकार बनलेच नाही, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांच्या वटहुकमांवर कारभार चालला. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ झाली, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मुलांचा असा समज असतो की सगळा देश त्यांच्यामागे गेला. तसे नव्हे. सोशल डेमोक्रॅट व कम्युनिस्ट ह्यांची एकत्रित मते १९२८ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास होती, ती नोव्हेंबर १९३२ मध्येही ३७ च्या वर होती. कामगारही नाझींकडे गेले, नाही असे नाही; पण मुख्य ओघ मधल्या पक्षांकडून, खेड्यांतून व नव्या मतदारांतून आला. त्या नोव्हेंबरात नाझींच्या १९६ जागांपुढे ह्या दोन पक्षांच्या मिळून २२१ होत्या. हा आकडा पाहून प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतेच, “मग ते एकत्र का झाले नाहीत?”

येथे मॉस्कोचे नाव घ्यावे लागते. १९२८ मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलने सोशल डेमोक्रॅटांविरुद्ध जे धोरण आखले, त्यात त्यांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणजे नाझींचेच भाऊबंद मानले गेले. सोशल डेमोक्रॅटही कम्युनिस्टांचे नाव नाझींच्याच ओळीत लिहीत. त्या धोरणाची झळ आपल्या देशालाही लागली, आणि मुलांना ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप लढविणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कित्येकांनी हेच वळण घेतले. १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली व नारायण मल्हार जोशी आपल्या गटासह बाहेर पडले. १९३१ मध्ये कलकत्त्यास ती पुन्हा फुटली. त्या फुटीला स्थानिक कारणेही पुष्कळ होती. पण बर्लिनच्या व मुंबईच्या कामगारांस एकाच हंगामात एकच उपदेश होत होता, हे नकाशावर दाखविले की मुलांना युरोप एवढा लांब वाटत नाही.

२० जुलै १९३२ रोजी पंतप्रधान पापेन ह्यांनी हिंडेनबुर्ग ह्यांचा वटहुकूम काढून प्रशिया प्रांताचे सरकार बडतर्फ केले. प्रशिया म्हणजे जर्मनीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या, आणि तेथे सोशल डेमोक्रॅट ओटो ब्राउन ह्यांचे सरकार. ठिकठिकाणी कामगारांची पथके इशाऱ्याची वाट पाहत बसली होती. इशारा आला नाही. पुढाऱ्यांनी सार्वत्रिक संपाचा विचार केला, तो सोडून दिला, आणि लायप्झिगच्या न्यायालयात दावा लावला. ऑक्टोबरात अर्धामुर्धा निकाल लागला, त्याने काही बदलले नाही.

आम्ही पूर्वी हा भाग एका वाक्यात शिकवीत असू : पुढारी भ्याले. तीन रकाने भरू लागल्यावर ते वाक्य आम्हांसच टिकविता येईना. ‘हातात काय होते’ ह्या रकान्यात मुले लिहितात, संपाचे हत्यार. मग एखादी मुलगी म्हणते, पण बाहेर साठ लाख माणसे काम मागत उभी होती. १९२० मध्ये काम होते, आणि हुकूम देणारा उघड बंडखोर होता, म्हणून कारकुनालाही नाही म्हणता आले. १९३२ मध्ये वटहुकमावर राष्ट्राध्यक्षाची सही होती, आणि त्याच राष्ट्राध्यक्षाला एप्रिलमध्ये, हिटलर नको म्हणून, सोशल डेमोक्रॅटांनी मते दिली होती. ब्राउन ह्यांचे सरकार प्रांतिक निवडणुकीत बहुमत गमावून काळजीवाहू म्हणून बसले होते. संपाचा फंड एकदा जळून पुन्हा अर्धवट भरला होता. एवढे सारे लिहून झाल्यावर वर्गात नेहमी दोन तट पडतात, आणि आम्ही कोणत्याही तटाला गुण देत नाही.

ह्याचे कारण सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. चौथ्या महिन्यात द्वारसभेत उभे असताना समोरच्या रस्त्यावर आम्हांस तरुण पोरांचा एक घोळका दिसला. ती आमच्या माणसांच्या जागी भरती होण्यासाठी आली होती. त्यांतला एकजण आमच्याच सभासदाचा भाचा निघाला. त्या आठवड्यात आम्ही मालकाशी पडती तडजोड केली. बारा माणसे परत घेतली गेली नाहीत. एका तरुण कामगाराने आम्हांस तोंडावर भेकड म्हटले, आणि तो आजतागायत आमच्याशी बोलत नाही. त्याचे चूक होते की आमचे, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. बर्लिनच्या त्या पुढाऱ्यांविषयी लिहिताना मात्र लेखणी पूर्वीसारखी सरसर चालत नाही.

तरी एका गोष्टीपुरता आम्ही निवाडा करतो, आणि तो वर्गात लपवीत नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर पंतप्रधान झाला. फेब्रुवारीअखेर राइखस्टागची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे मूलभूत हक्क वटहुकमाने गुंडाळले गेले. २३ मार्चला सर्वाधिकाराचा कायदा आला तेव्हा कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा परागंदा होते. दारात व दालनात नाझी पथके उभी असता सोशल डेमोक्रॅटांच्या ९४ सभासदांनी विरोधी मत दिले. ते मत देऊन काही साधणार नाही हे त्यांस ठाऊक होते. ह्याच दिवसांत कामगार संघटनांचे अध्यक्ष थेओडोर लाइपार्ट ह्यांनी हिटलरला पत्र लिहून कळविले की, संघटना आपल्या सामाजिक कामापुरत्या राहतील, राज्य कोणते का असेना. इमारती, फंड, सभासद, चाळीस वर्षांचे काम वाचावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लबाडी त्यात नव्हती. हिटलरने १ मे ही भरपगारी सुटी कायद्याने जाहीर केली. १८९० पासून जर्मन कामगार ज्या दिवसासाठी भांडत आले तो दिवस त्याने एका सहीने दिला. संघटनांनी सभासदांस त्या सोहळ्यात सामील होण्याचे आवाहन केले. १ मेला बर्लिनच्या टेंपेलहोफ मैदानावर अफाट सभा झाली. २ मेला सकाळी देशभर नाझी पथके संघटनांच्या कचेऱ्यांत घुसली, फंड जप्त झाले, लाइपार्ट पकडले गेले. ड्यूसबुर्ग शहरात संघटनेच्या चौघा माणसांस कचेरीच्या तळघरात मारून टाकण्यात आले. १० मेला रोबेर्ट लाय ह्याच्या हाताखाली ‘जर्मन श्रमिक आघाडी’ निघाली. तीत मालकही सभासद होते. संप संपले, आणि पगार सरकारी विश्वस्त ठरवू लागले.

१९३२ चा संप होऊ शकला असता की नाही, ह्यावर वाद घालता येतो. एप्रिल १९३३ चे ते आवाहन काढावयास नको होते, ह्यावर आमच्या मते वाद नाही. पराभव झालेल्या संघटनेला गप्प बसता येते; तिने वाजंत्री वाजवीत जाण्याची गरज नसते. विल्हेल्म लॉयश्नर हे त्याच मध्यवर्ती मंडळातले एक पुढारी. ते तुरुंग व छळछावणी भोगून बाहेर आले, गुप्तपणे माणसे जोडीत राहिले, आणि हिटलरविरुद्धच्या कटात सप्टेंबर १९४४ मध्ये फासावर गेले. एकाच मंडळात दोन्ही प्रकार निघाले, हेही मुलांनी पाहिले पाहिजे.

पुढचा भाग आम्ही भराभर घेतो. ऑक्टोबर १९४९ मध्ये म्यूनिकला पश्चिम जर्मनीच्या संघटना एकाच छत्राखाली आल्या. समाजवादी व ख्रिस्ती संघटना पूर्वी वेगळ्या होत्या, त्या आता मुद्दाम एक केल्या गेल्या. १९५१ मध्ये संपाची तयारी दाखवून त्यांनी कोळसा व पोलादाच्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांत निम्म्या जागा कामगारांसाठी मिळविल्या. पूर्व जर्मनीत राज्य कामगारांच्या नावाने चालले होते. तेथे कामाचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढविले, तेव्हा जून १९५३ मध्ये पूर्व बर्लिनच्या बांधकाम कामगारांनी संप केला, १७ तारखेस तो शेकडो गावांत पसरला, आणि रशियन रणगाड्यांनी तो मोडला. ह्या दिवसाचा उल्लेख केला की आमचे काही जुने सहकारी नाराज होतात. त्यांना आम्ही वर्गात येऊन बसावयास सांगतो.

गेल्या वर्षी हा धडा झाला त्या रविवारी, नववीतल्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, “काका, तुम्ही हिटलरचे, पापेनचे, लाइपार्टचे नाव फळ्यावर लिहिले. तळघरातल्या चौघांचे नाही लिहिले.” आम्ही वही काढली. यूलियस बिर्क, एमिल रेंटमाइस्टर, मिखाएल रोडेनश्टॉक, योहान श्लॉसर. खडू तिच्याच हातात दिला. मिखाएल कसे लिहावयाचे ह्यावर मागच्या बाकावर थोडा वाद झाला, आणि साडेबाराला सुटणारा वर्ग त्या दिवशी दीड वाजता सुटला.